टपावरची टाच

बंदरावर सगळे त्यांना घारकाका म्हणत. नाव पडलं ते तरुणपणी. मासेमारीच्या बोटीवर डोलकाठीला पाय वेढून ते वर बसत, आणि कोसभरावरचं पाणी जरा काळसर झालं, जरा थरथरलं, की खाली आवाज देत. कप्तान वर न बघताच सुकाणू फिरवी, इतका भरवसा. घारीला दिसलं नाही ते समुद्रात नाहीच, असं लोक म्हणायचे. काका ते मान खाली घालून ऐकायचे आणि नीट ऐकू आलं नाही असं दाखवायचे, म्हणजे समोरच्याने पुन्हा एकदा म्हणावं.

आता काका सत्तरीच्या पुढे गेले होते. थोरल्या भावाची बोट त्याच्या माघारी त्याच्या मुलीकडे आली होती. आई लवकर गेलेली आणि बाप सदा पाण्यावर, म्हणून ती पोर काका-काकूंच्याच हाताखाली वाढली. लहानपणी काडीसारखी होती, म्हणून चिमणी. आता चाळिशी ओलांडली होती, अंगाने चांगली भरली होती आणि सुकाणू एका हाताने वळवत होती, तरी चिमणी ती चिमणीच राहिली. जाळ्यात मासळी येईनाशी झाली तेव्हा तिने जाळी विकून टाकली, डेकवर बाकं ठोकली, नारिंगी जाकिटं आणली आणि लोकांना देवमासे, डॉल्फिन आणि समुद्रपक्षी दाखवायला न्यायला सुरुवात केली. केबिनच्या टपावर एक लोखंडी खुर्ची नटबोल्टने पक्की बसवली. ती काकांची.

वरून कितीही ओरडलं तरी इंजिनाच्या धडधडीत खाली ऐकू जायचं नाही, म्हणून काकांनी टाचेची भाषा बसवली होती. टपाच्या पत्र्यावर एक टाच मारली तर डावीकडे काहीतरी आहे. दोन मारल्या तर उजवीकडे, तीन मारल्या तर समोर. टाच नुसती घासली तर बोट हळू कर. चिमणी बरोबर त्या पत्र्याखाली उभी असायची. डोक्यावर ठक् झालं की हिचा हात वळलाच. प्रवाशांना वाटायचं, बाईंना समुद्राची काय जाण आहे. बाई म्हणायच्या, जाण वर बसली आहे, मी नुसती ऐकते.

असे चार हंगाम गेले. शेवटच्या हंगामात मात्र दोनदा एक विचित्र गोष्ट झाली. देवमाशाची मादी पिल्लासकट बोटीच्या अंगाशी आली, प्रवाशांनी आपल्या डोळ्यांनी बघितली, आणि टपावरून एकही टाच पडली नाही. एका गृहस्थांनी तर कळवलं की सहल उत्तम झाली, फक्त वरच्या आजोबांची झोपमोड झाली नसावी अशी आशा आहे. चिमणीने ते पत्र काकांना दाखवलं नाही. काकूंना दाखवलं. काकू तिकिटाच्या खिडकीत बसायच्या, त्यांच्या हाताखालून सगळंच जायचं.

आता या गोष्टीची दुसरी बाजू सांगायला हवी, कारण चिमणीला ती ठाऊक नव्हती. काका ज्या बोटींवर वाढले, त्या बोटींवर एक रीत होती. पिल्लाबरोबरची मादी दिसली तर वरच्या माणसाने गप्प बसायचं. बोट दाखवायचं नाही, हाक द्यायची नाही, मान दुसरीकडे फिरवायची. तिला लेकुरवाळी म्हणत. लेकुरवाळीला लोकांच्या नजरा लावू नयेत, तिला तिच्या वाटेने जाऊ द्यावं, एवढंच त्यामागे होतं. ही रीत वरचा माणूस वरच्या माणसालाच शिकवी. खालच्यांना सांगायची नाही, नाहीतर ते विचारत बसतील. काकांनी ती पन्नास वर्षं पाळली होती. सहलीच्या बोटीवर आल्यावर ती सोडायची असते, असं त्यांना कुणी म्हटलं नाही, आणि कुणी म्हणणार तरी कसं, ठाऊक असेल तर ना.

म्हणजे काका गप्प बसले ते डोळेझाक म्हणून, डोळे गेले म्हणून नव्हे. इतकंच असतं तर गोष्ट सोपी होती. पण त्यांचे डोळेही खरोखर बिघडले होते. डॉक्टरांनी सांगितलं होतं की डाव्या डोळ्यात मोतीबिंदू आहे, काढून टाकू, अर्ध्या तासाचं काम. काकांनी त्या दिवसापासून दवाखान्याच्या रस्त्यानेच जाणं सोडलं. उजव्या डोळ्याला लांबचं धुरकट दिसायचं. डाव्याला लांबचं ठळक दिसायचं, पण एकाची दोन दिसायची. रस्त्यावरच्या एका दिव्याशेजारी आणखी एक, जरा फिकट, जरा धाकटा दिवा. उजवा खरा पण आळशी आणि डावा तरबेज पण खोटारडा, अशी ती जोडी. भरीला डोळ्यांपुढे काळे ठिपके तरंगायचे. हे फक्त काकूंना माहीत होतं, आणि त्याही या विषयावर तोंडात गुळणी धरून होत्या. शेवटी नवऱ्याची अब्रू.

नव्या हंगामाच्या पहिल्या सहलीच्या सकाळी मात्र काकूंनी गुळणी सोडली. तिकिटाच्या खोलीत चहा देता देता त्यांनी समोरच्या दुकानाची पाटी वाचून दाखवायला सांगितली. काकांनी बशीतून मान वर न काढता घडाघडा वाचली. हार्डवेअर, रंग, दोरखंड, मालकाचं नाव, सगळं.

"ते दुकान महिन्यापूर्वी विकलं," काकू म्हणाल्या. "आता तिथे चष्मे मिळतात."

चिमणी दारात उभी होती. तिने ऐकलं. हसू आलं होतं ते तिने गिळलं.

त्याच सकाळी समुद्री जीवांची मोजदाद करणाऱ्या कार्यालयातून एक मुलगी आली होती. दरवर्षी हंगामाच्या सुरुवातीला कुणीतरी यायचं. हिच्या गळ्यात दुर्बीण आणि हातात रकाने आखलेली वही होती, म्हणून काकूंनी तिला लगेच वहीवाली करून टाकलं. तिला बघून चिमणीने मनातली गोष्ट बोलून दाखवली. वहीवाली मागच्या टोकाला बसेल, तिथे टाच ऐकू येत नाही. तिला जे दिसेल ते ती वेळेसकट लिहील. काकांच्या टाचा चिमणी आपल्या नोंदवहीत वेळेसकट लिहील. परत आल्यावर दोन्ही शेजारी ठेवायच्या. जुळल्या तर काका वर. नाही जुळल्या तर काकांनी खाली बसायचं, काकूंच्या शेजारी, तिकिटं फाडत.

"परीक्षाच म्हण ना," काका म्हणाले.

"परीक्षाच," चिमणी म्हणाली. "काका, खाली तीस माणसं तुझ्या डोळ्यांच्या भरवशावर बसतात. मी पण."

काकांनी टोपी घातली आणि ते निघाले. वर चढायच्या शिडीला सहा पायऱ्या. पाचवीवर पाय ठेवताना त्यांना क्षणभर तिथे दोन पायऱ्या दिसल्या. त्यांनी खरी निवडली.

बोट धक्क्यापासून सुटली तेव्हा कुरव पक्षी मागे लागले. ते काही मोजायचे नसत. बंदरातले कुरव म्हणजे घरची मंडळी, पोळीच्या तुकड्यासाठी कुणाच्याही गळ्यात पडतील. खरं काम बाहेरच्या पाण्यात. खाली बाकांवर लोक एकमेकांच्या जाकिटांचे पट्टे आवळत होते. एक निवृत्त शिक्षिका आपल्या नातवंडांना देवमासा हा मासा नव्हे हे समजावत होत्या, आणि एक नातवंड विचारत होतं की मग त्याला सांगायला पाहिजे ना.

बाहेरच्या पाण्यात आल्यावर काकांनी काम सुरू केलं. त्यांची जुनी सवय अशी की समुद्र एकदम बघायचा नाही. जमीन नांगरतात तसा पट्ट्यापट्ट्याने बघायचा, डावीकडून उजवीकडे, मग एक पट्टा पुढे. दुसऱ्याच पट्ट्यात एक काळा ठिपका आला. आता हा पक्षी की डोळ्यातला? यावर काकांनी तोडगा काढलेला होता. डोळा जरा फिरवायचा. ठिपका डोळ्याबरोबर सरकला तर तो घरचा, जागेवर राहिला तर तो समुद्रावरचा. जमिनीवर हा तोडगा नामी चालायचा. पण बोटीवर पाणी हलतं, बोट हलते, खुर्ची हलते, टोपीसकट डोकं हलतं. ठिपका थोडा बरोबर आला आणि थोडा राहिला. काका बुचकळ्यात पडले. मग तो ठिपका एकदम खाली कोसळला आणि पाण्यातून पांढरा तुषार उडाला, तेव्हा त्यांचा जीव भांड्यात पडला. डोळ्यातला ठिपका सूर मारत नाही.

त्याच्यामागे आणखी दोन कोसळले, मग दहा. सुरय पक्षी, लांब टोकदार पंखांचे. सुरय सूर मारतात म्हणजे खाली बारीक मासळी आहे. बारीक मासळी घाबरून वर आली आहे म्हणजे तिच्या खाली कुणीतरी आहे. काकांनी दोन टाचा मारल्या. बोट उजवीकडे वळली, आणि पाच मिनिटांत डॉल्फिन आले. सात-आठ होते. एकाने उडी मारली, दुसरा बोटीच्या पुढच्या टोकासमोर पोहायला लागला, वाट दाखवायला नेमल्यासारखा. बाकांवरून टाळ्या पडल्या. काका वर एकटेच हसले. डॉल्फिन त्यांनी डोळ्यांनी पाहिले नव्हते, अकलेने पाहिले होते. पण टाचेला ते कुणी विचारत नाही.

त्यानंतर गडबड झाली. समोर लांबवर पांढरा फवारा दिसला. देवमाशाचा श्वास तसाच असतो, सरळ वर जातो आणि वाऱ्याने विस्कटतो. काकांनी तीन टाचा मारल्या. बोट पुढे गेली, लोक उभे राहिले, कॅमेरे वर आले. काहीच नव्हतं. एकाच जागी लाट फुटत होती, खाली कुठे खडक असावा. पन्नास वर्षांत या पाण्यात तिथे खडक आहे हे काकांना ठाऊक नव्हतं, आणि खडक नसेल तर मग त्यांनी पाहिलं काय? लोक बसले. शिक्षिकाबाईंनी नातवंडांना सांगितलं की संयम हा मोठा गुण आहे. खाली पत्र्याखालून चिमणी काही म्हणाली नाही, पण नोंदवहीत ती लिहीत असणार, हे काकांना पत्र्यातून दिसल्यासारखं कळलं.

आता पुढची टाच चुकता कामा नये.

अकराला थोडा वेळ असेल. डावीकडच्या पाण्यात, बरंच लांब, एक राखाडी पाठ वर आली. या वेळी शंका नव्हती. पाठ वर आली, वळली, ओली चमकली आणि खाली गेली. लाट अशी वळत नाही. काकांनी टाच उचलली.

आणि टाच उचललेलीच राहिली. कारण पाठीच्या शेजारी आणखी एक पाठ होती. जरा फिकट, जरा धाकटी.

लेकुरवाळी. गप्प बसायचं. मान फिरवायची. पन्नास वर्षांच्या सवयीने मान फिरायला लागलीसुद्धा. मग अर्ध्यावर थांबली. काकांना तो रस्त्यावरचा दिवा आठवला, आणि त्याच्या शेजारचा तो दुसरा.

आता करायचं काय? एकच देवमासा असेल आणि दुसरा डोळ्यातला असेल, तर टाच मारायलाच हवी, नाहीतर खुर्ची गेली. आणि खरोखरच लेकुरवाळी असेल, तर टाच मारायची नाही, मग खुर्ची जावो नाहीतर राहो. त्यांनी डावा डोळा मिटला. उजव्या डोळ्याला नुसतं करडं पाणी दिसलं, धुतलेल्या कपड्यांच्या पाण्यासारखं. उजवा मिटून डावा उघडला तोवर पाठ बुडाली होती. एक असो की दोन, बुडाल्या होत्या.

काकांनी स्वतःला दम दिला आणि डोक्याने चालायचं ठरवलं. पिल्लाचा दम लहान असतो. आई एकदा वर येईल तर पिल्लू दोनदा, तीनदा येईल, एकटंच, मध्येच. डोळ्यातलं पिल्लू मात्र आईबरोबरच येईल आणि आईबरोबरच जाईल. म्हणजे थांबायचं आणि बघायचं. आधी धाकटं एकटं वर आलं तर लेकुरवाळी. दोघं प्रत्येक वेळी एकत्रच आली तर मोतीबिंदू.

हिशेब चोख होता. फक्त समुद्राला तो ठाऊक नव्हता. ढगातून ऊन निघालं आणि डावीकडचं सगळं पाणी काचेच्या चुऱ्यासारखं चमकायला लागलं. त्या चमचमाटात काकांना धाकटी पाठ एकटी दिसली. एकदा नक्की दिसली. की ती सावली होती? मग दोन्ही एकदम दिसल्या. मग तीन दिसल्या, तेव्हा त्यांनी डोळे चोळले. टाच हवेतच होती. मांडी थरथरायला लागली. टोपी काढून त्यांनी गुडघ्यावर ठेवली आणि पुन्हा घातली, कशासाठी ते त्यांचं त्यांनाच कळलं नाही.

नेमकी तेव्हाच बोट डावीकडे वळली. टाच पडली नव्हती. चिमणीने आपल्याच मनाने वळवली. दोन-तीन प्रवाशांना मळमळायला लागलं होतं, लाटा पाठीमागून घेतल्या की हेलकावे कमी होतात, म्हणून. बोट सरळ त्या चमकणाऱ्या पाण्याकडे निघाली. काका खुर्चीच्या दोन्ही दांड्या धरून बसले. घासावी का टाच? हळू कर म्हणावं? पण कशासाठी हळू, असं विचारलं तर काय सांगायचं? तिथे कुणी आहे, की माझ्या डोळ्यात आहे? विचार करता करता बोट त्या जागेवरून गेलीसुद्धा.

मागच्या टोकाकडून एकच गलका झाला. बोटीच्या मागे, फार तर शंभर हातांवर, देवमासा वर आला होता. फवारा इतका जवळ की मागच्या बाकावरच्यांचे चष्मे ओले झाले. त्याचा वास कुजक्या मासळीचा होता आणि तोही लोकांना फार आवडला. शिक्षिकाबाई नातवंडांना सोडून स्वतःच बाकावर चढल्या. देवमाशाने आरामात एक वळण घेतलं, शेपटी उभी केली आणि तो खोल गेला. सगळ्यांनी बघितला. तीस माणसांनी, वहीवालीने, मान मागे वळवून चिमणीनेही.

टपावरून एकही टाच पडली नव्हती.

परतीच्या वाटेवर लोक खूश होते. बंदरावर उतरताना एकेकाने चिमणीचा हात हातात घेतला. काका शेवटी उतरले, शिडीच्या पायऱ्या पायाने चाचपत.

तिकिटाच्या खोलीत काकूंनी खिडकी लावून घेतली. टेबलावर चिमणीने नोंदवही उघडली, शेजारी वहीवालीने आपली ठेवली. दोघींनी बोटं वरून खाली आणली. सुरय, दोन्हीकडे. डॉल्फिन, दोन्हीकडे, आणि काकांची वेळ तर पाच मिनिटं आधीची. वहीवालीने कौतुकाने वर बघितलं. मग तीन टाचा, ज्यांच्यासमोर वहीवालीच्या वहीत काही नव्हतं. आणि मग दहा बावन्न, देवमासा, ज्याच्यासमोर चिमणीच्या वहीत काही नव्हतं.

चिमणी बराच वेळ त्या कोऱ्या जागेकडे बघत राहिली. तिला रडू येईल असं काकूंना वाटलं, पण ती चिडली होती.

"काका, तो घराएवढा होता. घराएवढा. तुला दिसला नाही?"

आता काकांना खोटं बोलायचं नव्हतं आणि खरं काय ते ठाऊक नव्हतं. दिसला म्हणावं तर लोक म्हणतील, वरातीमागून घोडं. दिसला नाही म्हणावं तर ते साफ खोटं. त्यांनी टोपी टेबलावर ठेवली आणि सगळंच सांगून टाकलं. लेकुरवाळीची रीत. ती कुणी शिकवली, का शिकवली. गेल्या हंगामातल्या दोन्ही वेळा. मग डोळा, दोन दिवे, फिकट आणि धाकटा. मग आजची पाठ आणि तिच्या शेजारची पाठ. सांगताना ते चिमणीकडे बघत नव्हते, काकूंकडे बघत होते, जणू काकूंनी मध्येच चूक दुरुस्त करावी.

"म्हणून टाच उचललेलीच राहिली," ते म्हणाले. "खाली ठेवायची कशी तेच कळेना."

मग चिमणीने वहीवालीला विचारलं की तिच्या वहीत किती लिहिले आहेत.

"एक," वहीवाली म्हणाली.

कुणीतरी हात फिरवून पुसून टाकावा तसा काकांचा चेहरा उतरला. एक. म्हणजे आज ते आपल्याच मोतीबिंदूसमोर मान फिरवून बसले होते. आणि मग गेल्या वर्षीचं काय? प्रवाशांनी पिल्लू बघितलं होतं तेवढ्या दोन खऱ्या. पण त्याखेरीज आणखी पाच-सहा वेळा ते गप्प बसले होते, ज्याचा कुणाला पत्ताही नव्हता. त्यातल्या लेकुरवाळ्या किती आणि नुसत्या भुतावळी किती? पन्नास वर्षांच्या रितीत खोटा माल केव्हापासून मिसळला, याचा त्यांना थांग लागेना.

वहीवालीला त्यांचा चेहरा बघवला नाही. ती घाईघाईने म्हणाली की तसं नक्की सांगता येत नाही. पिल्लू आईच्या पलीकडच्या अंगाला राहतं, बोटीपासून लपून. मागच्या टोकावरून तिला आईची एकच बाजू दिसली. पलीकडे काही असेल तर तिला दिसलंच नसतं. तिने जे दिसलं ते लिहिलं, होतं ते नव्हे.

"मग होतं की नव्हतं?" चिमणीने विचारलं.

"मला माहीत नाही," वहीवाली म्हणाली.

"वा," काकू म्हणाल्या. "दुर्बीण घेऊन सुद्धा."

चिमणी उठून खिडकीपाशी गेली, आणि पाठमोरीच बोलायला लागली. आवाज खाली आला होता. तिला रितीचा राग नव्हता. लोकांना पिल्लू दाखवलं नाही याचाही नव्हता. काकांच्या काळात बोटी शिडाच्या होत्या, वरचा गप्प बसला की खालच्यांना कळत नसे आणि बोट आपली वाऱ्याने निघून जायची. कुणाचं काही बिघडत नसे. हिच्या बोटीला खाली पंख्याची पाती फिरतात.

"मी वळवली, काका. आज मी त्यांच्यावरून बोट नेली. दोघं असती आणि धाकटं पाण्यात वरच असतं तर? तू त्याच्यासाठी गप्प बसलास, आणि मला काय माहीत की तू कशासाठी गप्प आहेस. मला वाटतं वर शांत म्हणजे पाणी मोकळं. टाच मारू नको. घासायची तरी होतीस."

हे काकांच्या कधी डोक्यातच आलं नव्हतं. गप्प बसण्याने काही होतं, असं त्यांना वाटत नव्हतं. गप्प बसणं म्हणजे काही न करणं, एवढंच ते धरून चालले होते. आता त्यांना ती बोट वळताना दिसली आणि खुर्चीच्या दांड्या हातात जाणवल्या. एक होता की दोन होते, हा प्रश्न तोवर त्यांच्या खुर्चीचा होता. आता तो दुसऱ्याच कुणाचा झाला.

"डोळा कापून घेतो," ते म्हणाले.

काकूंनी त्यांच्याकडे असं बघितलं की जणू लग्नानंतर पहिल्यांदाच काहीतरी बरं ऐकलं. डॉक्टरांची चिठ्ठी आपल्या पेटीत आहे, असं त्यांनी ताबडतोब कळवलं. उद्याच जाऊ. काका म्हणाले, उद्या जाऊ.

"तोवर वर कोण?" चिमणीने विचारलं.

"ही बसू दे, आठवडाभर आहे तोवर." काकांनी वहीवालीकडे हनुवटी केली. "मग बघू. आणि डोळा बरा झाला तरी मी आपणहून चढणार नाही. तू बोलावशील तर चढेन."

चिमणीने मान हलवली, पण ती हो होती की नाही ते कळलं नाही. बोलावीन असंही ती म्हणाली नाही आणि बोलावणार नाही असंही नाही. खुर्चीचे नटबोल्ट मात्र काढायचे नाहीत, एवढं तिने काकूंना सांगितलं, आणि का ते काकूंनी विचारलं नाही.

मग तिला नोंदवही पुरी करायची आठवण झाली. दहा बावन्नच्या समोरची जागा अजून कोरी होती. तिने पेन उचललं आणि काकांकडे बघितलं.

"खरं सांग. त्या वेळी तुला काय वाटलं?"

काकांनी डोळे मिटले. मिटल्या डोळ्यांपुढे ऊन होतं, चमचमतं पाणी होतं, आणि त्यात एक पाठ वळत होती. तिच्या शेजारी जागा होती. ती जागा रिकामी आहे की भरलेली, हे बघायला ते पुढे झुकले, खुर्चीवरून जवळजवळ उठलेच.

"दोन वाटली," ते म्हणाले. "अजून दोनच वाटतात. पण लिहू नको."

चिमणीने लिहिलं: देवमासा, एक किंवा दोन.

वहीवाली म्हणाली की असं चालत नाही, त्या रकान्यात आकडाच लागतो, कार्यालयात परत पाठवतील. चिमणी म्हणाली की पाठवू देत. मग वहीवालीने आपली वही ओढली, आपल्या एकावर पेन टेकवलं आणि तशीच थांबून राहिली, खोडावं की ठेवावं ते न समजून.